नमुना क्रमांक ४१७

बीअरची चव कशी असते हे अलकनंदा दांडेकरला वयाच्या एकसष्टाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. बीअरचं परीक्षण लिहायला हीच सगळ्यात मोठी पात्रता आहे, असं तिचं प्रामाणिक मत होतं. ज्याला ती आधीपासून आवडते त्याचा निकाल आधीच लागलेला असतो.

काम आणलं तिच्या भाच्यानं, अविनाशनं. तोही तिच्यासारखा नोएडातच राहतो आणि खाण्यापिण्यावरचं एक मराठी मासिक चालवतो.

"मावशी, सध्या बिनदारूच्या बीअरची चलती आहे," तो म्हणाला. "सहा तऱ्हांच्या बाटल्या घ्यायच्या, चाखायच्या, हजार शब्द लिहायचे. तू एकतीस वर्षं सरकारी प्रयोगशाळेत अन्नाचे नमुने तपासलेस. तुझ्यासारखी जीभ मला कुठे मिळणार?"

"जिभेनं नाही तपासायचे रे. यंत्रं होती," अलकनंदा म्हणाली. मग तिनं विचारलं, "खाली नाव कुणाचं?"

"तुझंच. वर फोटोसुद्धा."

अलकनंदा उठून स्वयंपाकघरात गेली आणि काही कारण नसताना ओटा पुसून आली. एकतीस वर्षांत तिनं काही हजार अहवाल लिहिले होते. हळद, गूळ, तूप, आणि एकदा एका मंत्र्यांनी पाठवलेले संशयास्पद पेढे. प्रत्येक अहवालाखाली सही उपसंचालकांची. हिंगाच्या भेसळीचं प्रकरण तिनं शोधून काढलं तेव्हा शाल आणि नारळ उपसंचालकांना मिळाला, आणि ती तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. ते तिला खटकलं होतं असं नाही. फक्त ती रांग कितवी होती ते तिच्या लक्षात राहिलं होतं.

"कधीपर्यंत हवंय?" तिनं शक्य तितक्या कोरड्या आवाजात विचारलं.

सहापैकी चार तऱ्हांच्या बाटल्या सेक्टरातल्या मोठ्या दुकानात फळांच्या रसाशेजारी मिळाल्या. उरलेल्या दोन तऱ्हा एका छोट्या कारखानदाराच्या होत्या. तो गुरुग्राममध्ये थोडी थोडी बीअर हातानं गाळायचा आणि दुकानात ठेवायचा नाही. जाऊन आणावी लागे, तीही एकदम चार-चार बाटल्या, परत फेरी नको म्हणून. म्हणजे हरियाणात घ्यायची, दिल्ली ओलांडायची आणि उत्तर प्रदेशात उतरवायची. तीन सरकारं, आणि तिघांचे दारूचे कायदे वेगळे. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून उपसचिव म्हणून निवृत्त झालेला तिचा नवरा विश्वास हे ऐकूनच अर्धा झाला.

"अगं, पण यात दारू नाही ना?"

"नाही."

"मग बाटलीचा आकार तसा कशाला?"

नोएडाच्या नाक्यावर नेमकी त्यांचीच गाडी बाजूला घेतली गेली. हवालदारानं डिकी उघडली, पिशवी हलवली. पिशवी वाजली.

"ये क्या है?"

"बियर है," विश्वास म्हणाला. "परंतु बियर नहीं है."

चौतीस वर्षं सरकारी टिपणं लिहिल्याचा हा परिणाम होता. हवालदारानं विश्वासला गाडीतून उतरवलं आणि तोंडासमोर यंत्र धरलं. आयुष्यात आल्याच्या वड्यांपलीकडे कसलीही नशा न केलेला विश्वास मफलर सोडून, भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत फुंकला. शून्य आलं. मग अलकनंदानं पुढे होऊन बाटलीवरचा मजकूर वाचून दाखवला.

"शून्य है तो पीते क्यों हैं?" हवालदारानं विचारलं.

हा प्रश्न इतका योग्य होता की तिनं तो वहीत टिपून घेतला. टिपून घेताना पाहून हवालदाराला ती पत्रकार वाटली आणि त्यानं साहेबांना बोलावलं. साहेबांनी एक बाटली उघडली, उभ्या उभ्या अर्धी संपवली आणि काही तरी होण्याची वाट पाहिली. काहीच झालं नाही.

"इसमें तो कुछ भी नहीं है," ते म्हणाले. आवाजात फसवणूक झाल्याचं दुःख होतं. मग यंत्रावरचा आकडा पाहून ते विश्वासला म्हणाले, "आप में भी कुछ नहीं है. जाइए."

 घरच्या लिफ्टमध्ये दोन मजले वरचे गुणवंत खरे भेटले. हे महाराष्ट्र मंडळाचे सचिव. पिशवी परत वाजली.

"काय आणलंत दांडेकर?"

"काढा," विश्वास म्हणाला.

"अच्छा, गुडघ्यांचा? रोज अनशापोटी घ्या. आणि वहिनींनाही द्या, बिल्कुल फरक पडतो. मला सांगितलं असतंत तर मी आमच्या फरीदाबादच्या वैद्यांकडून आणून दिला असता."

विश्वासनं मान हलवली. या एका शब्दाची पुढे बैठकीत चौकशी होईल हे त्या माणसाला तेव्हा कसं कळणार?

आता खरी अडचण. एका माणसाची चव म्हणजे चव नव्हे, असं अलकनंदाचं शिक्षण सांगत होतं. प्रयोगशाळेत चवीच्या चाचणीला निदान दहा-बारा माणसं बसवत. त्यांना पदार्थाचं नाव सांगत नसत, कारण नाव कळलं की जीभ काम सोडते आणि डोकं काम सुरू करतं. नमुन्यांना एक, दोन, तीन असे क्रमांक देत नसत, कारण एक क्रमांकाची वस्तू लोकांना उगाच चांगली लागते. एकशे नव्वद, चारशे सतरा असे आडवेतिडवे आकडे देत.

बारा माणसं आणायची कुठून? विश्वासनं नाक्यावरच्या प्रसंगानंतर बाटल्यांकडे पाहणंही सोडलं होतं. अविनाशच्या ऑफिसातल्या मुलांना बीअर आधीच आवडत होती, म्हणजे ती बाद. अलकनंदानं कॅलेंडरकडे पाहिलं. संक्रांत झाली होती, रथसप्तमी यायची होती, आणि येत्या शुक्रवारी चार वाजता मंडळाच्या महिला शाखेतल्या बारा बायका तिच्या दिवाणखान्यात आपण होऊन येणार होत्या. हळदीकुंकवाला.

यात काही चूक आहे असं तिला वाटलं नाही. ती इतकी नीटनेटकी व्यवस्था होती की चूक शिरायला जागाच दिसत नव्हती.

तिच्याकडच्या वाणाला सेक्टरात आधीच नाव होतं. मागच्या वर्षी तिनं स्वयंपाकाचा थर्मामीटर लुटला होता. "याचं करायचं काय?" असं तेव्हा बायकांनी एकमेकींना विचारलं होतं आणि तो सगळ्यांच्या चमच्यांच्या खणात जाऊन पडला होता. यंदा काचेचे छोटे बीकर होते, मिलिलिटरच्या रेघा असलेले. म्हणजे वाणही झालं आणि चाचणीचं भांडंही. बाटल्या बाल्कनीत ठेवल्या. नोएडाच्या जानेवारीनं त्या फुकटात आठ अंशांवर आणून ठेवल्या.

शुक्रवारी बायका आल्या, शाली-स्वेटरांत, पायांत मोजे. हळदीकुंकू झालं, अत्तर झालं. तिळगूळ दिसेना.

"तिळगूळ शेवटी," अलकनंदा म्हणाली. "गोडानं जीभ मंदावते."

त्याऐवजी प्रत्येकीसमोर दोन कोरडी, अळणी बिस्किटं आणि कोमट पाणी आलं. सरला खरे, म्हणजे गुणवंतांची बायको, शेजारणीच्या कानाशी लागली.

"यांच्याकडे काही अडचण आहे का गं? पेन्शन अडकलीय का?"

मग अलकनंदानं बारा कागद वाटले. वर फक्त कागदाचा क्रमांक, नाव नाही. पहिला प्रश्न गव्हाची किंवा जवाची ॲलर्जी आहे का, असा होता. पुढे रंग, वास, पहिला घोट, मागे राहणारी चव, एक ते नऊ गुण. प्रत्येकीला सारखी पेन्सिल. "ही पेयं आहेत. मी त्यांच्यावर लिहिणार आहे. मनात येईल ते लिहा, एकमेकींकडे बघू नका," एवढंच ती म्हणाली. आयुष्यभर हळदीकुंकवात एकमेकींकडेच बघत आलेल्या बायका अचानक दहावीच्या परीक्षेला बसल्यासारख्या कागदांवर वाकल्या.

आणि तिला पहिला धक्का इथेच बसला, कारण त्या फार छान लिहीत होत्या. प्रयोगशाळेतले पगारी लोक 'ठीक', 'बरे' यापलीकडे जात नसत. इथे एकशे नव्वदबद्दल कुणी लिहिलं, 'पावसात भिजलेल्या गोणीचा वास, पण स्वच्छ गोणी.' पाचशे तीसबद्दल, 'सोडा आहे आणि दुःखी आहे.' सरलानं लिहिलं, 'जलजिऱ्यात जिरं विसरलंय. तरी पोटाला बरं वाटतंय.' वसईच्या लता फर्नांडिस प्रत्येक पेला संपवून हसत होत्या आणि काही बोलत नव्हत्या. पहिल्या खुर्चीवर मंडळाच्या अध्यक्ष विजयालक्ष्मी गोगटे बसल्या होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका, वय बहात्तर, सगळ्या नोएडाच्या 'बाई'. त्या पेला डोळ्यांसमोर धरून उजेडात पाहत होत्या, जशा पूर्वी मुलांची बोटं पाहत असतील.

पस्तीस मिनिटांत चाचणी संपली. अलकनंदानं कागद गोळा केले. चाचणीनंतर पदार्थाचं नाव जाहीर करायचं असतं. तिनं ते केलं.

"धन्यवाद. आपण आत्ता जी प्यायलो ती बीअर होती. बिनदारूची. शून्य टक्के."

धन्यवाद सोडून ही तीन वाक्यं होती. बायकांपर्यंत पहिलं पोचलं.

 कुणीतरी पदर तोंडाला लावला. कुणीतरी देवघराकडे पाठ करून बसलं होतं, ते उठून दुसरीकडे बसलं. कुणाच्या तरी हातात अजून कुंकवाची कोयरी होती, ती तशीच हवेत राहिली.

"मला चढलीय," सरला म्हणाली.

अलकनंदानं सवयीनं घड्याळ पाहिलं. सरलाच्या पोटात ते द्रव्य अर्धा तास शांत बसलेलं होतं. शब्द ऐकल्यावर चाळीस सेकंदांत चढलं. "सरला, यात दारू नाही," ती म्हणाली.

"ताई, मला दोन दोन ताई दिसतायत."

आणखी तिघींना उठवेना. एकीला एकदम आपल्या नणंदेबद्दल खरं बोलावंसं वाटू लागलं आणि ती बोललीही, सविस्तर. सरलानं फोन करून गुणवंतांना बोलावलं. दोनच मजले वर जायचं होतं, पण ती त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून, उजवीकडे कलत गेली. दारातून गुणवंतांनी वळून पाहिलं. त्यांची नजर बाल्कनीतल्या बाटल्यांवर गेली.

"काढा," ते विश्वासला म्हणाले. 

जाताना लता फर्नांडिसनी अलकनंदाचा हात धरला. "मी पहिल्या घोटालाच ओळखली होती हो."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, आता तुमच्याकडे हळदीकुंकवाला असंच असतं. बरं वाटलं. चिअर्स म्हणणार होते, पण म्हटलं, बाई बसल्यात समोर."

बाई सगळ्यांत शेवटी उठल्या. शाल नीट केली. "अलकनंदा," त्या म्हणाल्या, "पाहुणीला काय पाजतो आहोत ते आधी सांगावं. तुला हे कळायला हवं होतं." आणि सरळ चालत गेल्या. रेघ मारावी तशा सरळ.

खरा धक्का तो होता. प्रयोगशाळेत चाखणाऱ्याकडून चाचणीआधी संमतीची सही घेत असत, हा पहिला नियम. आकडे तिनं पाळले, तापमान पाळलं, बिस्किटंसुद्धा पाळली, आणि पहिला नियम विसरली. कारण समोर चाचणीचे लोक नव्हते, ओळखीच्या बायका होत्या. ओळखीच्या बायकांना कोण विचारतं? ती दिवाणखान्यात बसून राहिली आणि उरलेली अळणी बिस्किटं एक एक करून खाल्ली.

संध्याकाळी तिनं कागद वाचायला घेतले. सातवा कागद आला आणि तिचा हात थांबला. बारापैकी अकरा कागद पेन्सिलीत होते. हा हिरव्या शाईत होता. नमुना क्रमांक ४१७, गुरुग्रामवाल्याचा, याच्यासमोर बारीक, सरळ अक्षरांत लिहिलं होतं: 'वास भाजलेल्या जवाचा. मग संत्र्याची साल नखानं सोलावी तशी एक झुळूक येते आणि जाते. शेवटी कडू. पण हा कडूपणा समजूतदार आहे. भांडत नाही, शेजारी बसून राहतो. घरात बऱ्याच दिवसांत कुणी असं बसलेलं नाही. नऊपैकी आठ. दुसरा पेला मिळावा.'

तिनं तो तीनदा वाचला. संबंध परीक्षणात हीच चार ओळींची जागा खरी असणार, हे तिला तेव्हाच कळलं.

सकाळी मंडळाची नोटीस आली. 'हळदीकुंकवाच्या प्रसंगी घडलेल्या प्रकाराबाबत रविवारी सकाळी दहा वाजता खुलासा करावा.' खाली सही, विजयालक्ष्मी गोगटे. मंडळाची प्रत्येक नोटीस बाई हातानं लिहितात, आणि हिरव्या शाईत लिहितात. सगळ्या नोएडात हिरवी शाई वापरणारं दुसरं कुणी नाही.

अलकनंदानं नोटीस आणि सातवा कागद शेजारी शेजारी ठेवले. मग सातवा कागद घडी करून लिफाफ्याच्या अगदी तळाशी घातला.

रविवारपर्यंत बातमी गुरुग्रामच्याही पलीकडे मानेसरपर्यंत गेली होती. तिथल्या एका ओळखीच्या बाईंनी फोन करून विचारलं की, तुमच्याकडे म्हणे पोलीस आले होते आणि साहेबांनी स्वतः पिऊन पाहिली. यातला प्रत्येक शब्द कुठे ना कुठे खरा होता, त्यामुळे नाकारायचं काय ते अलकनंदाला कळेना.

बैठक सोसायटीच्या हॉलमध्ये भरली. समोर बाई, शेजारी गुणवंत. विश्वासनं खुलाशाला सहा परिशिष्टं जोडली होती. गुणवंतांनी ती बाजूला सरकवली आणि आधी 'काढा' या शब्दाबद्दल दहा मिनिटं विचारलं. विश्वास उभा राहून, "तो शब्द व्यापक अर्थानं वापरला होता," असं म्हणाला आणि खाली बसला.

"वहिनी," गुणवंत म्हणाले, "आमची सरला रात्रभर गरगरत होती."

"त्यात दारू नव्हती," अलकनंदा उभी राहून म्हणाली. "पण मी आधी विचारलं नाही, ही चूक माझी आहे. पूर्णपणे. मी सगळ्यांची माफी मागते."

एवढ्यावर भागलं असतं. पण गुणवंतांची तयारी जास्त होती.

"माफी ठीक आहे. पण आम्ही ऐकतो की तुम्ही हे छापणार आहात. मंडळाच्या बायकांनी बीअर पिऊन काय काय लिहिलं ते. त्यातल्या एकीनं तर म्हणे आणखी मागितली. सरलानं शेजारच्या कागदावर शेवटची ओळ वाचली, पण लिहिणारं कोण ते तिला आठवत नाही. तेव्हा दोन पर्याय. एक, ते कागद इथे टेबलावर ठेवा, म्हणजे मंडळाला कळेल कोण ते. नाहीतर तुमच्या भाच्याला सांगा, लेख रद्द."

 अलकनंदाच्या हातात लिफाफा होता. तिनं समोर पाहिलं. बाई टेबलावरच्या कागदाकडे पाहत होत्या. त्यांच्या हातात पेन होतं आणि त्यांनी त्याचं टोपण हळूच लावलं.

अविनाशनं आदल्या दिवशीच पान लावून पाठवलं होतं. वर तिचा फोटो होता, खाली ठळक अक्षरांत नाव. तिनं ते फोनवर मोठं करून पाहिलं होतं, आणि मग आणखी मोठं.

"कागद देता येणार नाहीत," ती म्हणाली. "चाखणाऱ्याचं नाव गुप्त राहतं, हा दुसरा नियम आहे. पहिला मी मोडला. हा मोडणार नाही. लेख रद्द करते."

ती बसली. विश्वासनं तिच्याकडे पाहिलं आणि एकदम परिशिष्ट चारमधून काही वाचून दाखवायला उठला, पण ते पानच त्याला सापडेना. गुणवंत ठराव लिहायला वाकले.

"थांबा," बाई म्हणाल्या.

त्या उठल्या. सावकाश, टेबलाला हात लावून.

"सातवा कागद माझा आहे. दुसरा पेला मी मागितला होता." त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. "मिळाला नाही."

गुणवंतांचं पेन ठरावाच्या मधोमध थांबलं आणि तिथे शाईचा मोठा ठिपका पडला. मागच्या रांगेत कुणाच्या तरी हातातून किल्ल्या पडल्या आणि उचलायला कुणी वाकलं नाही. सरलानं नवऱ्याचा दंड धरला. या वेळी तिला खरोखर गरगरलं असावं.

"मला चढली नव्हती," बाई पुढे म्हणाल्या. "मी सरळ चालत घरी गेले, ते सगळ्यांनी पाहिलंय. आधी विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते. म्हणून राग आला. आता राग नाही. सचिवसाहेब, दुसरा विषय घ्या. ग्रंथालयाचं कपाट."

"पण बाई," गुणवंत म्हणाले, "अध्यक्षांनीच जर..."

"चौथा होता माझा," लता फर्नांडिस मागून म्हणाल्या. "नऊपैकी नऊ. लिहून घ्या."

"अकरावा," आणखी कुणीतरी म्हणालं. मग तिसरा. मग नणंदेबद्दल खरं बोललेली उठली आणि म्हणाली की, माझा आकडा आठवत नाही, पण परत बोलवलं तर येईन. सरलानं खूप वेळ नवऱ्याकडे पाहिलं आणि खाली मान घालून म्हणाली, "माझं लिहिताना जलजिऱ्याचं तेवढं राहू दे ताई. ते खरं आहे."

लेख छापून आला. बारा कागदांतल्या ओळी बाराजणींच्या परवानगीनं, सह्या घेऊन. परिशिष्टात नाक्यावरच्या साहेबांचं मत वेगळं दिलं होतं, 'नमुना बाटलीतून, उभ्यानं, तापमान अज्ञात' अशा टिपेसह. वर फोटो, खाली नाव. अलकनंदानं तो अंक विश्वासला दाखवला आणि विश्वासनं चष्मा लावून फक्त नाव वाचलं, दोनदा.

त्याच दुपारी ती उरलेली एक बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून बाईंच्या घरी गेली. बाईंनी दार उघडलं. घरात दोन खुर्च्या होत्या आणि एकीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता. बाईंनी तो उचलून खाली ठेवला.

"चारशे सतरा?"

"हो."

"किती अंशांवर आहे?"

"आठ," अलकनंदा म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, टेबलाचा खण उघडला, मागच्या वर्षीच्या वाणातला थर्मामीटर काढला आणि बाटली उघडून आत घातला. दोघी काट्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"साडेनऊ," बाई म्हणाल्या. "बस. थंड होईपर्यंत थांबावं लागेल."